गाठ न मारलेला दोर

सोहळा संपला की तुम्ही काय करता? अगदी खरं सांगा. बँड थांबतो, घोडे वळतात, काळ्या गाड्यांचे दरवाजे धडाधड लागतात, आणि तुम्ही घराकडे सुटता. घरी गेल्यावर पाय पसरून तोच सोहळा टीव्हीवर पुन्हा बघता. बरोबर ना? मग ऐका. राजधानीच्या मुख्य चौकात त्यानंतर जे घडतं ते तुमच्यासाठी घडतं, आणि नेमके तुम्हीच तिथे नसता.

तिथे एक बाई असते. सफाई खात्याचा निळा गणवेश, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, आणि हातात मनगटाएवढ्या जाडीच्या दोराचं टोक. तिला सगळे दोरमावशी म्हणतात. उंचीने बेताची आहे, पण चौकात आवाज दिला की मनोऱ्यावरची कबुतरं उडतात. स्वभावाने साधीभोळी वगैरे समजू नका. एकदा एका मंत्र्याच्या स्वीय सहायकाने वाकून दोराखालून जायचा प्रयत्न केला, तर तिने त्याची कॉलर धरून त्याला जिथून आला तिथे उभा केला होता. "साहेबांचा माणूस आहे मी," तो म्हणाला. "मग साहेबांजवळ उभे राहा की," ती म्हणाली, "इथे कशाला वाकताय?"

चौकाच्या तीन बाजूंना इमारती आहेत. एकीकडे खांबांची लांबलचक कचेरी, एकीकडे जुनं न्यायालय, एकीकडे घड्याळाचा मनोरा. मधोमध एक चौथरा आहे, त्यावर काही नाही. पूर्वी त्यावर एक राजा घोड्यावर बसलेला होता. तो उतरवला गेला, मग दुसरा कुणी चढला, तोही उतरला, आणि शेवटी सगळ्यांनी कंटाळून चौथरा रिकामा ठेवला. चौथी बाजू रस्त्याकडे उघडी. दोर असतो तो तिथे. त्याचं एक टोक मनोऱ्याच्या भिंतीतल्या लोखंडी कड्यात, मधे पितळी खुंट्यांच्या आकड्यांवर टेकत टेकत आलेला, आणि दुसरं टोक मावशीच्या हातात.

हातात. खुंटीला बांधलेलं नाही. या चौकाचा सगळ्यात जुना नियम तोच आहे. गाठ मारायची नाही. सोहळा तासभर चालो नाहीतर अर्धा दिवस, ऊन असो नाहीतर थंडी, टोक माणसाने धरून उभं राहायचं. पहारा बदलायचा असो, कुणाला शपथ द्यायची असो, परदेशी पाहुणा यायचा असो, शहीद झालेल्या सैनिकाला निरोप द्यायचा असो, दोर धरलेला आहे तोवर चौक सरकारचा. बँड थांबला, तलवार म्यानात गेली की मावशी वाकते, दोर जमिनीवर ठेवते (टाकायचा नाही, ठेवायचा) आणि हात वर करून ओरडते, "चौक मोकळा!" त्या क्षणापासून चौक लोकांचा. पहिलं पाऊल लोकांपैकी कुणीतरी टाकायचं, मग सफाईवाले झाडू घेऊन आत जायचे. आणि दोर एकदा टेकला की सोहळा संपला, मग भले कुणाचं वाक्य अर्धवट राहिलेलं असो.

मावशीचा नवरा त्याच कोपऱ्यात, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर, बूट-पॉलिशची पेटी मांडून बसतो. पहारेकऱ्यांचे बूट तोच चमकवतो. चेहरे त्याच्या लक्षात राहत नाहीत, टाचा राहतात. "तो बघ, उजवी टाच झिजलेला चालला," असं तो सेनाधिकाऱ्याकडे बघून म्हणतो. बायकोला तो 'राणीसरकार' म्हणतो, कारण सोहळ्यात राष्ट्रप्रमुखही तिच्या परवानगीने बाहेर पडतो.

मावशीला एकच गोष्ट खुपत होती. इतकी वर्षं दोर धरला, पण वर्तमानपत्रातल्या एकाही फोटोत ती आली नव्हती. फोटो नेहमी तिच्यापाशी येऊन कापला जायचा. आला तर कोपर यायचं. घराच्या भिंतीवर नवऱ्याने असे फोटो चिकटवून ठेवले होते, घोडे, झेंडे, पाहुणे, आणि कडेला एक निळं कोपर. पाहुणे आले की तो बोट ठेवून दाखवायचा, "हे आमच्या घरातलं. हे कोपर राष्ट्रीय आहे बरं का!" सगळे हसायचे. मावशीही हसायची. पण चहाचे कप जरा जास्तच आपटून ठेवायची.

दोर तिला सासूकडून मिळाला होता. सासू कमी बोलायची, पण चौकाची गोष्ट मात्र रंगवून सांगायची. "अगं, इथे चाऱ्याचा बाजार होता," ती म्हणायची. "गाड्या, बैल, घोडे, शेण, भांडणं, सगळं काही. राजाला म्हणे सलामी घ्यायला ऐसपैस जागा हवी होती. बाजार उठवला त्याने. सकाळी सलामी झाली, राजा गेला, आणि मागे घोड्यांच्या लिदीचे ढीग. ते कोण उचलणार? आपल्या बायकांना बोलावलं. त्या आल्या, झाडू जमिनीवर उभे करून तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, दुपारी बाजार परत भरणार असेल तर झाडू चालेल. नाहीतर तुमची लीद तुम्हाला लखलाभ."

"आणि राजाने ऐकलं?"

"उन्हाळा होता गं. वास सुटला होता. राजाच्या खिडक्या चौकाकडेच उघडत होत्या."

तर असा तह झाला. सलामीपुरता चौक राजाचा, नंतर लोकांचा. आणि कोणाचा कधी, हे ठरवणारा दोर झाडूवालीच्या हातात. गाठ मारायची नाही ही अटही त्याच बायकांची. बांधून ठेवलेली गोष्ट विसरली जाते, आणि विसरली की ती कायमची होऊन बसते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे राजे गेले, झेंडे बदलले, बँडची धून बदलली, टोप्यांवरची पिसं गळली. दोर राहिला. झिजला की जुन्या पेडांत नवे पेड विणत गेले. आज त्यातला जुना भाग कुठला नि नवा कुठला, हे मावशीलाही सांगता येत नाही.

तिच्या हाती दोर कसा आला ते मात्र ती सहसा सांगत नाही. ती वर्षं वाईट होती. लोक टाळ्यासुद्धा शेजाऱ्याकडे बघून वाजवायचे, आपण आधी थांबलो असं दिसू नये म्हणून. गल्लीतला माणूस सकाळी कामाला जायचा आणि संध्याकाळी त्याच्याबद्दल कुणी विचारायचं नाही. त्यातच एक सोहळा झाला. सासूने दोर ठेवला, "चौक मोकळा!" म्हणून हाक दिली, आणि कुणी हललं नाही. पुढे सैनिक उभे होते. लोक दोराच्या अलीकडे पुतळ्यासारखे उभे. सासूने पुन्हा हाक दिली. पुन्हा काही नाही. तिचा हात हवेत तसाच राहिला.

मावशी तेव्हा नवी नवरी होती, नवऱ्याचा जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिला देशाचं वगैरे काही कळत नव्हतं. सासूची चारचौघांत फजिती होतेय, एवढंच तिला दिसलं, आणि ते बघवेना. डबा छातीशी धरून तिने दोर ओलांडला. दगडांवर तिच्या एकटीच्या चपलांचा आवाज आला. चौथऱ्यापर्यंत जाईस्तोवर मागे वळून बघायची हिंमत नव्हती. मग मागून अजून एक चप्पल वाजली. मग खूप.

घरी आल्यावर सासू एवढंच म्हणाली, "डबा थंड झाला असेल. आणि उद्यापासून दोर तू धर."

आता एवढ्या वर्षांनी, या वर्षीच्या स्थापना दिनाच्या थोडं आधी, समारंभ कचेरीतला नवा अधिकारी मावशीच्या घरी आला. वयाने तिच्या मुलासारखा, बोलायला गोड, बूट इतके स्वच्छ की नवऱ्याने नाराजीने मान फिरवली. त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. मनोऱ्याखालच्या दालनात काचेची पेटी, आत वेटोळं करून ठेवलेला दोर, मागच्या भिंतीवर मावशीचा मोठा फोटो. नखशिखांत. दोन्ही कोपरांसकट.

"मावशी, स्थापना दिनाला तुमचा सत्कार," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर, व्यासपीठावर. राष्ट्रप्रमुखांच्या हस्ते. हा वारसा आपल्याला जपायचाय."

मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती म्हणाली, "विचार करून सांगते," आणि विचार न करता लगेच म्हणाली, "चालेल."

"मग नंतर दोर कुणी धरायचा?" नवऱ्याने विचारलं.

"नंतर गरजच नाही, काका. चांगला मजबूत कठडा बसवतोय आपण. लोखंडी."

हे वाक्य मावशीने ऐकलं, पण ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिचं लक्ष त्या फोटोत होतं.

तिची लेक शहरात बस चालवते. रात्रीच्या जेवणाला आली तेव्हा बापाने तिला बातमी सांगितली. लेकीने हातातला पाव ताटात ठेवला. या घरात राग आईकडूनच खाली उतरलेला आहे.

"म्हणजे तुला काचेत ठेवणार आणि आम्हाला कठड्याबाहेर," ती म्हणाली.

"दोराला ठेवणार काचेत. मला नाही."

"तुझा फोटो आहे ना आत? मग तूसुद्धा. कठड्याला दार किती? चावी कोणाकडे? सोहळा संपल्यावर कोण उघडणार? विचारलंस का हे?"

"प्रत्येक गोष्टीत खोडा घालायचा, तुला दुसरं काही येत नाही. आईचं कौतुक होतंय ते बघवत नाही का तुला?"

"कौतुकच करतायत गं! निरोपाला हेच करतात. दात काढायच्या आधी डॉक्टर गोड बोलतो ना, तसं."

"मी शब्द दिलाय."

"आणि आजीने तुला काय दिलं होतं?"

मावशी ताडकन उठली आणि भांडी घासायला लागली. लेक दार आपटून गेली. जाताना सांगून गेली की स्थापना दिनाला ती चौकात पाऊल ठेवणार नाही. त्या दिवशी तिची बस चौकाच्या मागच्या थांब्यावरून, व्यासपीठाच्या पाठून सुटणार होती. "मी तिथे असेन. माझं काम करत."

नवरा बराच वेळ रिकाम्या हातानेच बूट पुसल्यासारखं करत बसला. मग म्हणाला, "राणीसरकार, पोरगी तोंडाने फटकळ आहे. पण चावीचं तेवढं विचारा."

दुसऱ्या दिवशी मावशीने विचारलं. अधिकाऱ्याने शांतपणे समजावलं. कठड्याला एक फाटक असेल. सोहळ्यानंतर साफसफाई, तपासणी, मग ठरावीक वेळेत लोकांना सोडलं जाईल. "येतीलच की लोक, मावशी. रांगेने."

"रांगेने," मावशी म्हणाली.

"शिस्त हवी ना थोडी."

तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की रांग ही चांगली गोष्ट आहे. मावशीला त्याच्याशी भांडताही येईना. ज्या माणसाने तुम्हाला पहिल्यांदा अख्खं पाहिलं, त्याच्यावर आवाज कसा चढवणार? ती परत आपल्या कोपऱ्यात आली. रस्त्याच्या कडेला, दोराच्या जागी, कठड्याचे जाड खांब पुरून झाले होते. आडव्या सळया सोहळ्यानंतर बसणार होत्या. तिने एका खांबाला हात लावला. थंडगार होता.

रंगीत तालीम झाली. तालमीत सफाई खात्याच्या मुकादमाने दोर धरला, मावशी रिकाम्या हाताने चौक ओलांडून व्यासपीठावर गेली, खोटा हार घालून घेतला, खाली उतरली. सगळं लोण्यासारखं पार पडलं. पण शेवटी अधिकारी म्हणाला, "मुकादम फोटोत मधे येतायत. उद्या त्यांनी नको. मावशी, तुम्ही असं करा, तुमचं नाव पुकारलं की टोक त्या खांबाला बांधून या." मुकादमाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्याला तसंही सोहळ्यात घाम फुटतो. मावशीने होकारार्थी मान हलवली.

स्थापना दिनाची सकाळ. आकाश धुतल्यासारखं. चौकाचे दगड पहाटे पाणी मारून घासलेले, त्यात झेंडे उलटे दिसत होते. पहारा आला, घोडे आले, बँड आला. दोराच्या अलीकडे माणसांची ही गर्दी. मावशीने नवा गणवेश घातला होता, रुमालाला इस्त्री केली होती. नवऱ्याने आग्रह करून तिच्या बुटांना पॉलिश केलं होतं आणि वर म्हणाला होता, "आज सगळ्या देशाला टाच दिसणार, झिजलेली नको."

सलामी झाली, झेंडा चढला, एक छोटं भाषण झालं. राष्ट्रप्रमुखांचं मोठं भाषण बाकी होतं, त्याआधी सत्कार. ध्वनिक्षेपकावरून तिचं वर्णन सुरू झालं. "अनेक वर्षांची निष्ठावान सेवा..." मावशीला कळलं, आता निघायचं. म्हणजे बांधायचं.

तिने टोक खांबाभोवती फिरवलं. एक वेढा. दोर जाड, ताठ, घसरला. पुन्हा फिरवलं. बोटांना पुढे काय करायचं ते कळेना. आयुष्यात तिने शेकडो गाठी मारल्या होत्या, पोत्यांच्या, मुलीच्या वेण्यांच्या, नवऱ्याच्या पेटीच्या. पण या दोराला तिच्या हातांनी कधीच गाठ मारली नव्हती, आणि हात ऐकेनात. तिचा नकार नव्हता हो. तिला बांधायचं होतं. मनापासून बांधायचं होतं, तिकडे फोटोवाले थांबले होते. कपाळावर घाम आला.

"व्यासपीठावर यावं अशी विनंती," ध्वनिक्षेपक म्हणाला. मग जरा जोरात पुन्हा, "यावं!" बँडने स्वागताची धून सुरू केली. पेटीमागून नवरा काहीतरी ओरडला. तिची धांदल उडाली, आणि ती निघाली. ताठ मानेने, पॉलिश केलेल्या बुटांनी, समोर बघत.

दोराचं टोक हातात घेऊन.

अशी चूक तिच्याच हातून होऊ शकते. तुमच्या-माझ्या हातातून दोर कधीच सुटला असता.

पितळी खुंट्यांच्या आकड्यांवरून दोर एकेक करत निसटला. खुंट्या खणाखण आडव्या झाल्या. तिकडचं टोक कड्यात अडकलेलं, हे टोक चालत निघालेलं. दार उघडावं तशी चौकाची चौथी बाजू उघडत गेली. गर्दीतून आधी एक 'अरे!' आला, मग सगळं चिडीचूप. बँडचा सूरही विस्कटला आणि थांबला. मावशी चौथऱ्यापाशी पोचली तेव्हा तिच्या खांद्याला ओढ जाणवली. तिने वळून पाहिलं.

तिच्या मागे लांबच लांब दोर पसरला होता, हवेत अर्धा, जमिनीवर अर्धा. त्याच्या पलीकडे उघडा रस्ता. आणि रस्त्यावर माणसं उभी होती, एकही पाऊल पुढे न टाकता. टोक अजून तिच्या हातात होतं ना. व्यासपीठावरून अधिकारी दोन्ही हातांनी खुणा करत होता: परत जा, परत जा. त्याच्या शेजारी मखमली तबकात नव्या दोराचा एक गोंडेदार तुकडा ठेवला होता, फोटोपुरता. फोटोवाल्यांचे कॅमेरे तिच्यावर होते. सगळेच्या सगळे.

परत जाता आलं असतं. 'म्हातारी गोंधळली' म्हणून लोक हसले असते, दोन दिवसांत विसरले असते. सत्कारही झाला असता. तिने त्या खांबांकडे पाहिलं. मग डबा छातीशी धरलेली ती नवी नवरी तिला आठवली, तिच्या एकटीच्या चपलांचा आवाज आठवला.

मावशी वाकली. तिने दोर जमिनीवर ठेवला. टाकला नाही, ठेवला.

"चौक मोकळा!"

मनोऱ्यावरची कबुतरं उडाली. आणि कुणीही हललं नाही.

अगदी तेव्हासारखं. राष्ट्रप्रमुख भाषणाचे कागद धरून उभे. पहारेकरी ताठ. लोक एकमेकांकडे बघतायत. मी कशाला, तू जा. मावशीचा हात हवेत होता तो हवेतच राहिला, आणि पहिल्यांदाच तिला कळलं की सासूला तेव्हा कसं वाटलं असेल. तिने हाक पुन्हा द्यायला तोंड उघडलं.

तेवढ्यात व्यासपीठाच्या मागून हॉर्न वाजला. बसचा. लांबलचक, निर्लज्ज, हटवादी हॉर्न. सोहळ्याच्या वेळी चौकाजवळ हॉर्नला सक्त मनाई आहे, तशी पाटीच आहे तिथे, आणि बस त्या पाटीखालीच उभी होती.

गर्दीत पुढच्याच रांगेत एक बाई होती, भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांत, कुणाच्याही परिचयाची नसलेली. ती दचकून म्हणाली, "अगंबाई, माझी बस!" आणि शेजारच्याला बाजूला सारून तिने दोर ओलांडला. चौकाच्या मधोमध, घोड्यांच्या समोरून, सेनाधिकाऱ्याच्या नाकाखालून ती पिशव्या सांभाळत पळत सुटली. मावशीजवळून जाताना म्हणाली, "मोकळा म्हणालात ना?"

"म्हणाले," मावशी म्हणाली. "पळा!"

कुणीतरी हसलं. हसणाऱ्याने पाऊल टाकलं. त्याच्या मागे अजून कुणी. आणि मग धरण फुटावं तशी माणसं आत आली. म्हातारे, कडेवरची पोरं, हातगाडीवाले, न्यायालयातले वकील, सगळे. बँडमास्तर जुना माणूस. दोर टेकलेला त्याने पाहिला, लोक आत आलेले पाहिले, आणि त्याने जे शिकला होता तेच केलं. समाप्तीची धून वाजवली. समाप्तीची धून वाजली म्हटल्यावर पहारेकऱ्यांनी टाचा आपटल्या आणि ते वळून चालते झाले. मोठं भाषण तसंच राहिलं. राष्ट्रप्रमुखांनी क्षणभर कागदांकडे पाहिलं, घडी घालून ते खिशात ठेवले आणि पायऱ्या उतरले. खाली कुणीतरी त्यांना म्हणालं, "जरा ही पिशवी धरा हो, पोराची नाडी बांधते." त्यांनी धरली.

समारंभ अधिकारी मात्र तबक हातात घेऊन तसाच उभा होता. त्याच्याकडे बघून मावशीला खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मावशी होती. अख्खी. हात वर, तोंड उघडं, पायाशी दोर. नवऱ्याने फोटो भिंतीवर लावला आणि बराच वेळ न्याहाळून म्हणाला, "कोपर छान आलंय." संध्याकाळी लेक आली. तिला हॉर्नबद्दल ताकीद मिळाली होती. आईने तिच्यापुढे चहाचा कप ठेवला, या वेळी न आपटता.

"हॉर्न चुकून वाजला," लेक म्हणाली.

"माझ्याही हातात दोर चुकूनच राहिला," आई म्हणाली. आणि दोघी अशा हसल्या की शेजारीण विचारायला आली, काय झालं.

मावशीला कामावरून तात्पुरतं बाजूला केलं गेलं. चौकशी बसली. ती अजून बसलेलीच आहे, उठायचं नाव नाही. पण सळया काही आल्या नाहीत. सफाईवाल्यांनी कचेरीसमोर झाडू उभे करून ठेवले, वकिलांनी तहाचा मुद्दा काढला, आणि चौकातून पलीकडे बस पकडणाऱ्या साध्या माणसांनी इतकी तक्रार केली की कठड्याचा विषय 'फेरविचारासाठी' गेला. खांब तेवढे उभे आहेत. पोरं त्यांच्याभोवती लपाछपी खेळतात.

पुढच्या महिन्यात पहारा बदलायचा सोहळा आला. दोर धरणार कोण? मुकादमाने पाठ धरल्याचं सांगितलं. दुसऱ्या कुणी हात लावेना. बँड दारात उभा, घोडे फुरफुरतायत. शेवटी समारंभ अधिकाऱ्याने कोट काढून बूट-पॉलिशच्या पेटीवर ठेवला आणि स्वतः टोक धरलं. मावशी गर्दीत होती, दोर हाती आल्यापासून पहिल्यांदाच दोराच्या अलीकडे. तिने पाहिलं, तो चुकीचं धरतोय, मनगटाला पीळ देऊन. थोड्या वेळाने त्याचे हात लाल झाले. एकदा त्याची नजर शेजारच्या खांबाकडे गेली. गाठ मारली असती तर कोण विचारणार होतं? पण तो तसाच उभा राहिला.

बँड थांबला. तलवार म्यानात गेली. अधिकाऱ्याने गर्दीत नजर फिरवली, मावशी दिसली. तिने हाताने हळूच खूण केली: टाकू नका. ठेवा.

त्याने ठेवला. "चौक मोकळा," तो म्हणाला. आवाज अगदीच बारीक निघाला.

"ऐकू नाही आलं!" बूट-पॉलिशवाला ओरडला.

"चौक मोकळा!"

आणि पहिलं पाऊल मावशीने टाकलं. या वेळी तिने मागे वळून पाहिलं. लोक येत होते, पण थोडेच. बाकीचे नेहमीप्रमाणे घराकडे वळले होते. अधिकारी लाल झालेले हात चोळत त्या पाठमोऱ्या गर्दीकडे बघत होता. "एवढेच?" त्याने विचारलं. "एवढे तरी," मावशी म्हणाली. "पण एवढ्याने भागायचं नाही. चौक रिकामा राहिला की कुणीतरी सळया घेऊन येतंच."

म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. पुढच्या सोहळ्याला या. फोटो काढा, टाळ्या वाजवा, काय हवं ते करा, पण बँड थांबला म्हणून निघून जाऊ नका. दोर हातातून जमिनीवर टेकेपर्यंत थांबा. आणि हाक ऐकू आली की शेजाऱ्याकडे बघत बसू नका. आधी तुमचा पाय उचला.